घटात आईला चप्पल घालायला लावणाऱ्या सिस्टर

सुनीता सिस्टर गेल्या.
आन् माझी आई म्हणतेय, "माझ्यामुळं गेल्या."

सकाळी फोन आला तवा मी गुजरातला मोरबीत, टाइल्सच्या कारखान्यात लाईनवर होतो. तवापासून हात चालतायत, डोकं न्हाई. सुपरवायझर बोलून गेला. काय बोलला आठवत न्हाई.
माती दुपारीच हाय, दौंडला. इथून उडत निघालो तरी पोचणार न्हाई.

ज्यांना माहीत न्हाई त्यांना सांगतो. सिस्टर आमच्या मांडवगणच्या दवाखान्यात ओपीडीला होत्या. रोज दौंडहून स्कूटीवर यायच्या.

आईला शुगर हाय. मी आठवीत शाळा सोडली ती सोडलीच. पाटस झालं, रांजणगाव झालं, आता इथं. एका जागी टिकलो न्हाई. मग आईचं कोण बघणार?
सिस्टर बघायच्या.

गोळ्या डॉक्टर ठरवणार. त्यात सिस्टर कधी हात घालायच्या न्हाईत. मी एकदा फोनवर म्हणलो, शुगर वाढलीय, अर्धी गोळी जास्त देऊ का.
"ते मी न्हाई ठरवायचं. डॉक्टरांना विचारते, मग सांगते. तोवर गोळीला हात लावू नको."
आन् जेवायच्या आत त्यांचा फोन आला बी.

पण पाय बघायचं काम त्यांचं. शुगरचा पेशंट आला की आधी पाय वर.

गेल्या नवरात्रातली गोष्ट.
आमच्याकडं घट बसले की लई बायका अनवाणी राहतात. आई तर लग्न झाल्यापासून. तिसऱ्या माळेला ती गोळ्या न्यायला गेली. सिस्टरनी बाकड्यावर बसवलं, डोळे मिटायला लावले आन् नायलॉनचा बारका दोरा तळव्याला टेकवत गेल्या. लागला की व्हय म्हणा, एवढंच.

आई गप्प.
बऱ्याच वेळानं म्हणली, "आवं, करा की सुरू."

सगळं करून झालं होतं.

टाचेत बाभळीचा काटा मोडलेला. तिला पत्ताच न्हाई.

डॉक्टरांनी काटा काढला, गोळ्या लिहिल्या, चप्पल घाला म्हणले. आई मान हलवून अनवाणीच निघाली. सिस्टरनी दारात अडवली. आई म्हणली, देवीचं हाय, मोडलं तर पाप लागंल.

"देवीला माझं नाव सांगा. सिस्टरनी बळजबरीनं घालायला लावली म्हणा. पाप लागायचं ते मला लागू द्या."

मग माझ्या चुलतभावाला, पिंट्याला फोन करून घरनं चप्पल मागवली. ती येईस्तोवर आईला उठू दिलं न्हाई.

गावात बायका हसल्या. घटात चप्पल, पुण्याची झालीस का गं? आईनं ऐकून घेतलं. एक दिवसाआड ड्रेसिंगला जात राहिली. सिस्टर पट्टी करायच्या, पाय कसा धुवायचा, कसा पुसायचा ते परत परत सांगायच्या.
दिवाळीच्या आत जखम भरली.
पाय वाचला.

आज आईला फोन लावला.

"माझं पाप तिनं घेतलं. लागलं तिला."
"आई, त्यांना अटॅक आला."
"व्हय. पर अटॅक कशापायी आला?"



परवा घट बसतायत. यंदा अनवाणीच राहणार म्हणतेय. सिस्टरच्या वाट्याचंबी फेडायचंय म्हणे.
मी चिडलो. म्हणलो, ती बाई तुझ्या पायासाठी देवीपुढं उभी राहिली, आन् तिच्या मातीच्या दिवशी तू तोच पाय घालवायला निघालीस?

आई म्हणली, भाजी करपतीय. ठेवला फोन.
परत लावतोय. उचलत न्हाई.

पिंट्या, हे वाचलं की घरी जा. दवाखान्यातल्या दुसऱ्या सिस्टरशी बोललोय मी. त्या म्हणल्या, आईंना घेऊन या, पाय मी बघते. तू गाडीवर घेऊन जा. चप्पल घालूनच. रडली तर रडू दे, पण घालूनच.
आन् मला फोटो टाक. तोंडाचा नको, पायाचा.

सिस्टर, तुमच्या मातीला यायला जमलं न्हाई. इथूनच पाया पडतो.
तुम्हाला कसलंबी पाप लागलं न्हाई.
आईला पटेस्तोवर मी फोन लावत राहणार.