बांडीच्या गव्हाणीतली हिरवी पेंडी

वच्छलाबाईच्या कोंबड्यांनी माझ्या मेथीचा वाफा उकरला नसता तर पुढचं काहीच झालं नसतं, असं मी लई दिवस मनाला समजावलं. पण खोटं बोलून जाते कुठं? कोंबडी हाय, ती उकरणारच. हात माझा होता, जीभ माझी होती, आन् नंतर गप बसलं ते तोंड बी माझंच. म्हून सांगायला बसले. मधी कुणी बोलू नका.

आमची वस्ती नांदूरघाटाच्या अलीकडं, सात-आठ घरांची. वच्छलाबाईचं आन् आमचं घर शेजारी, मधी कमरेएवढी दगडाची भिंत. भाकरी थापता थापता मला तिचं अख्खं अंगण दिसायचं. वय साठीच्या आसपास, पण कमरेत अशी वाकलेली की बघणाराला सत्तरची वाटावी. बावीस वर्षं ऊस तोडला तिनं. तिशी भरायच्या आत पिशवी काढून टाकली. कावून? तर पाळी आली की खाडा पडतो, आन् खाडा मुकादमाला चालत न्हाई. टाके वाळले न वाळले तोवर परत डोक्यावर मोळी. नवरा बी फडातच गेला, उसाची ट्रॉली उलटून. एवढं झालं तरी ही बाई कुणाच्या दारात रडायला गेली न्हाई.

तिचा जीव अडकला होता तो नातीत. तेजश्री नाव पोरीचं, यंदा धाव्वीला. बाप तानाजी आन् माय शिवकन्या, दोघं दरसाली दिवाळी झाली की कोयता घेऊन कारखान्याला जातात ते उन्हाळ्यातच माघारी येतात. पोर आजीपाशी. मागच्या साली तानाजीनं विषय काढला. शिवकन्याची बी कंबर गेली, फडात अजून एक हात पाहिजे, पोर नेतो म्हणला. त्या दिवशी म्हातारी अंगणात उभी राहून कडाडली, ते आमी समद्यांनी ऐकलं.

"मी तोडला, माझी सून तोडती. ही न्हाई तोडणार. माझी बांडी दावणीला उभी हाय तवर तिचं खाणं, तिची वही, तिची फी, समदं मी बघंन. तुला काई मागितलं तर मग ने."

तानाजी म्हणला, "बरं माय. गाय हाय तवर." आन् बिडी पेटवून निघून गेला.

बांडी म्हंजे तिची गाय. तांबडी, पोटावर पांढरा पट्टा. म्हातारीनं माहेराहून कालवड आणली होती, तिची ही गाय झाली. आता बघा, एका गायीच्या चार सडांवर एका पोरीची शाळा उभी होती, आन् ते आमच्या वस्तीवरच्या शेंबड्या पोराला बी ठावं होतं.

तिची सकाळ मला तोंडपाठ हाय. तांबडं फुटायच्या आधी उठायची. पहिलं खुराडं. फळी सरकवली की एकेक कोंबडी बाहेर येताना पाठीवर हात ठेवायची, "ये बाई, ये बाई" करत. मग खाली हात घालून अंडी चाचपायची. मग शेण. कमरेवर एक हात दाबून दुसऱ्या हातानं टोपली भरायची, आन् अर्ध्यात थांबून बांडीच्या पाठीला टेकायची. गाय बी शहाणी, तेवढा वेळ हलायची न्हाई. मग गोऱ्हा सोडायची. त्यानं दोन ढुसण्या दिल्या, बांडीनं पान्हा सोडला, की त्याला ओढून खुंटीला बांधायचं आन् हिनं चरवी घेऊन बसायचं. धार काढताना गायीशी बोलणं चालूच. "आज आपल्या तेजीचा गणिताचा पेपर हाय बरं का. नीट दे बाई. लाथ मारू नको." मला हसू यायचं. शिळी भाकर चुरून कोंबड्यांना टाकायची, आन् नाथा दूधवाल्याची गाडी वाजली की पदर खोचून रस्त्यापर्यंत चरवी घेऊन जायची. पोर तवर अभ्यास करत बसलेली. तिला कामाला हात लावू द्यायची न्हाई. फार झालं तर शाळेतून येताना बांधावरचं मूठभर गवत आणायला सांगायची.

आता माझं ऐका. दिवाळीच्या महिनाभर आधी कोंबड्यांनी माझी मेथी उकरली. दोनदा सांगून झालं होतं. तिसऱ्यांदा माझं डोकंच फिरलं. दगड उचलला आन् मारला. लागला तो तिच्या काळ्या तलंगीला, अजून अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबडीला, पाय मोडला. वर मी भिंतीपाशी जाऊन काय बोलू नये ते बोलले. "लेक-सून ऊस तोडून मरतात आन् तू हितं कोंबड्या पोसती का दुसऱ्याच्या जिवावर?" माझ्या जिभेला पहिल्यापासून हाड न्हाई. वच्छलाबाईनं खाली वाकून तलंग उचलली, तुरीची काडी लावून चिंधीनं तिचा पाय बांधला. त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं बंद. भिंतीकडं पाठ करून धार काढायला लागली.

भांडली असती तर बरं वाटलं असतं. हे गप राहणं मला लई लागलं. आमचे मालक शहादेव म्हणायचे, "जाऊन माफी माग की, काय झिजती का तू?" पण पाय उचलायचा न्हाई. असला नाठाळ स्वभाव माझा.

दिवाळी झाली. टोळीचा ट्रक दोन दिवसांवर आला. तानाजी-शिवकन्या बोचकी बांधायला लागले. आन् नेमकी म्हातारीची कंबर धरली. चाऱ्याला जाणं झालं न्हाई, कडबा आधीच सरलेला. तेजश्रीनं सांजच्याला बांधावरचं थोडं गवत आणून टाकलं, ते बांडीनं उभ्या उभ्या संपवलं. मग गाय जी हंबरायला लागली ती थांबंना. मला झोप न्हाई. वाटलं, हीच येळ हाय. तोंडानं बोलता येत न्हाई तर हातानं बोलावं.

आमच्या हायब्रीड ज्वारीच्या रानात कापणी होऊन गेलती, आन् परतीच्या पावसानं खोडांना परत कोंब फुटले होते. हिरवेगार, गुडघ्याएवढे. त्याला आमी किरळ म्हणतो. किरळ जनावराला जहर, हे मला ठावं न्हाई का? ठावं होतं. पण माझ्या सासूबाई म्हणायच्या, वरून पाऊस पडून गेला की किरळीचं जहर उतरतं. आन् दोन दिवस आधी मी आमच्या म्हशीला घातली होती, तिला काई झालं न्हाई. पण म्हैस पोट भरलेली होती, आन् मी निम्मा कडबा मिसळला होता. हे डोक्यात आलंच न्हाई माझ्या. पहाटं विळा घेऊन गेले, चांगली मोठी पेंडी कापली आन् भिंतीवरून बांडीच्या गव्हाणीत टाकली. नुसती हिरवी, उपाशी गायीपुढं. आन् लपून चुलीपाशी येऊन बसले. काय सांगू, मनातून लई खूश होते मी.

म्हातारी उठली. खुराडं उघडलं. अंधुक उजेडात गव्हाणीत काईतरी हिरवं बघून थबकली. मग वळून माझ्या घराकडं बघितलं. महिन्याभरानं पहिल्यांदा बघितलं तिनं. तोंडावर हसू न्हवतं, पण राग बी न्हवता. मी मान खाली घालून पीठ मळायला लागले. तिनं गोऱ्हा सोडला, बांधला, चरवी घेऊन बसली. धारेचा आवाज सुरू झाला, आन् मधीच चरवी पडल्याचा आवाज आला.

वर बघते तर बांडी थरथरत होती. मागचे पाय लटपटले आन् धाडकन खाली. तोंडाला फेस, श्वासासाठी मान ताणलेली.  जहराला उतारा म्हून तांब्यात गूळ कालवून भिंतीवरून उडी मारली मी, या वयात. तानाजी धावत आला. त्यानं जबडा धरला, मी गुळाचं पाणी ओतलं, निम्मं बाहेर आलं. शहादेव जनावराच्या डॉक्टरला आणायला गाडीवर गेले. डॉक्टर लगेच निघाला म्हणे, त्याला बोल न्हाई. पण बांडीनं तेवढी बी वाट बघितली न्हाई. म्हातारी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली. "उठ बाई, उठ. आज तर कामाचा दिवस हाय," असंच म्हणत होती, गाय गेल्यावर बी.

डॉक्टरनं गव्हाणीतला उरलेला चारा हातात घेतला. "किरळ हाय ही. कुणी घातली?"

आता आमच्या वस्तीची एक रीत सांगते. ज्याच्या हातून दुसऱ्याचं जनावर जातं, त्यानं आपलं जनावर त्याच्या दावणीला आणून बांधायचं. पाच माणसं बसत न्हाईत, कागद होत न्हाई, भांडण होत न्हाई. बांधायचं आन् मोकळं व्हायचं. आमच्या दावणीला एकच दुभती म्हैस होती. मी नुसतं "मी" म्हणलं असतं तर सांजच्याला ती म्हैस वच्छलाबाईच्या खुंटीला असती, आन् पोरीची शाळा चालू राहिली असती. एवढं सोपं होतं. आन् मी म्हशीचा विचार केला. खरं तेच सांगते, त्या टायमाला मला पोर आठवली न्हाई, म्हैस आठवली.

तानाजी पोरीकडं वळला. "काल गवत तू आणलंतं ना?"

तेजश्री पांढरीफट. "आणलंतं, पण..." एवढंच बोलली. तिला स्वतःलाच वाटायला लागलं की आपल्याच गवतात आलं असंल. तानाजीनं हात उगारला. माझ्या हातात तांब्या होता, गुळाचं पाणी पायावर सांडत होतं. वच्छलाबाईनं मान वर करून माझ्याकडं बघितलं. किती वेळ बघितलं! मी तांब्याकडं बघत राहिले.

"पोरीला हात लावू नको," म्हातारी म्हणली. "म्या घातली. पहाटं अंधारात आणली. मला दिसत न्हाई आता नीट."

तानाजीचा हात खाली आला. मग तो जे बोलला ते वंगाळ बोलला न्हाई, म्हून तर जास्त लागलं. "माय, तुला गवत आन् किरळ कळंना. तुझ्यापाशी पोर ठेवू कशी मी? आन् गाय हाय तवर असंच ठरलंतं ना आपलं?"

 स्वतःच्या तोंडानं आंधळी झाली होती म्हातारी.

तिसऱ्या दिवशी ट्रक आला. गोऱ्ह्याला आदल्या दिवशीच बाजार दाखवला होता. तेजश्रीनं दप्तर घेतलं होतं बरोबर. शिवकन्यानं ते काढून घेतलं न्हाई, भांड्यांच्या पोत्यावर ठेवलं. पोर ट्रकच्या फळीला धरून उभी राहिली आन् ओरडून म्हणली, "आज्जे, माझ्यामुळं झालं गं! मी नीट बघून आणायला पाहिजे होतं!" ट्रक वळला तरी तेच म्हणत होती. मी भिंतीआड उभी होते. धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं.

आठ दिवस मी तिची सकाळ बघितली. त्याच टायमाला उठायची. खुराडं उघडायची. चरवी घासायची, रिकामीच, आन् पालथी घालायची. मग खुंटीपाशी जाऊन कमरेवर हात दाबून उभी राहायची. टेकायला काई न्हवतं. नवव्या दिवशी मला सहन होईना. मालकाला समदं सांगितलं. त्यांनी उठून म्हशीचं दावं सोडून माझ्या हातात दिलं. मी म्हैस घेऊन तिच्या दारात गेले.

"मावशी, ती पेंडी मी टाकलती."

"ठावं हाय," ती म्हणली. "पोरीचं गवत रातीच संपलं होतं. आन् ती पेंडी टाकणारं दुसरं कोण हाय हितं?"

"मग माझं नाव कावून घेतलं न्हाई?"

"तू घेशील म्हून थांबले होते ना बाई. तुझ्याकडंच बघत होते."

मी खाली बसले आन् हंबरडा फोडला. म्हणलं, मावशी, ही म्हैस घ्या, तानाजीला फोन लावा, पोरीला माघारी बोलवा. तिनं म्हशीच्या पाठीवर हात फिरवला, जनावराचा राग न्हवता तिला. "टोळीत पोरीचं नाव लागलं, तिच्या नावानं आगाऊ पैसे बी उचलले. आता मुकादम सोडतोय व्हय? आन् पोर न्हाई तर मी म्हैस पिळून दूध कुणाला पाजू? ने तुझी तू." मग म्हणली, "फोनवर एवढं सांग तिला, तुझ्या गवतानं गाय गेली न्हाई म्हून. ते तुझ्याच तोंडानं सांग."

सांगितलं मी. पलीकडून उसाच्या गाड्यांचा आवाज येत होता. तेजश्री म्हणली, "बरं काकू." बस.  शिव्या दिल्या असत्या तरी ऐकल्या असत्या मी.

कोंबड्या म्हातारीनं मला देऊन टाकल्या. म्हणली, कोंबडा आरवला की जाग येती, आन् जाग येऊन काय करू? आता पहाटं खुराडं मी उघडते. मेथी उकरतात, उकरू देते. ती काळी तलंग तेवढी रोज लंगडत भिंतीवर चढती आन् पलीकडं बांडीच्या रिकाम्या गव्हाणीत जाऊन बसती. उन्हं वर आली की वच्छलाबाई दार उघडती, तिला उचलती आन् भिंतीवरून माझ्या हातात देती. माझ्याशी बोलत न्हाई. कोंबडीलाच म्हणती, "जा बाई. हितं आता काई न्हाई."