हिरव्या तारखा

वाशिमच्या एका डोळ्यांच्या दवाखान्याची वेबसाइट मी केली, तेव्हा मला स्वतःच्या नजरेचा फार तोरा होता. पांढरंशुभ्र पान, त्यावर फिकट राखाडी बारीक अक्षरं, आणि नंबर लावायला महिन्याच्या तारखांचे चौकोन. जागा असेल ती तारीख हिरवी, भरली की लाल. काउंटरवरच्या ताई म्हणाल्या, "चौकोनात 'जागा आहे' असं लिहा ना, म्हातारी माणसं येतात." मी उलट त्यांनाच शहाणपण शिकवलं. शब्दांनी पान गचाळ दिसतं, मी म्हणाले. पुण्यात बसून असं बोलायला काही लागत नाही.

माझे बाबा रिठदचे. टमाटे, वांगी, मिरच्या पिकवून रिसोडच्या बाजारात नेण्यात त्यांचा जन्म गेला. त्यांना काचबिंदू असल्याचं याच दवाखान्यात कळलं. थेंब दिले आणि डॉक्टरांनी बजावलं, दर महिन्याला येऊन डोळ्यातला दाब मोजून घ्यायचा, वाढला तर लगेच ऑपरेशन. यात गेलेली नजर परत येत नाही. नंबर मी लावून देत जाईन म्हटलं, तर बाबा बिघडलेच. "मले येते. माह्या पोरीनं केलेलं हाय ते, कोनाले कायले विचारू?" ऐकून मी फुलून गेले होते. आता त्या फुलण्याचीच चीड येते.

फोनवर विचारलं की म्हणायचे, "सारं बराबर चालू हाय, तू नको फिकर करू." मी नाही केली. पाच महिन्यांनी आईचा फोन आला, "तुहे बाबा घरातल्या घरात ठेचकाळून राह्यले." मी धावत गेले, त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी फाइल उलटली. पहिल्या तपासणीनंतर एकही नोंद नव्हती. डावा डोळा गेला होता, उजवा जायच्या वाटेवर होता.

बाहेरच्या बाकावर मी त्यांच्यावर ओरडले. चार माणसं बघत होती, तरी ओरडले. "काहून नाही आले तुमी?"

बाबा हळूच म्हणाले, "अक्षरं तं दिसतच नव्हती माय. मंग नुसते रंग पाहाचो. सारं हिरवं. हिरवं म्हंजे कच्चंच ना? म्हटलं, अजून आपला नंबर व्हाचा हाय. लाल झालं की जाऊ."

आणि ते गेलेही होते. दोनदा, लाल तारीख बघून, बसने. त्या दिवशी सगळे नंबर भरलेले, म्हणून 'मोबाइलवर नंबर लावून या' एवढं ऐकून काउंटरवरून परत आले. पोरीनं केलेलं आपल्याला कळत नाही, हे त्यांनी तिथं सांगितलं नाही. आईलाही नाही.

रिठदच्या रस्त्यावर सिग्नल नाही. हिरवं म्हणजे जा, हे त्यांना कोण शिकवणार होतं? त्यांनी जन्मभर हिरवं झाडावर ठेवलं आणि लाली आली की तोडलं. मी त्यांच्याच घरात वाढले, टमाट्यांची कॅरेटं भरली, आणि ते चौकोन रंगवताना मला हे एकदाही आठवलं नाही.

"चूक माझी आहे," मी म्हणाले.

"तुही कायची? मीच अडानी." हे त्यांनी मनापासून म्हटलं. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन केलं, पण फार उशीर झाला होता. मग मी ते पान बदललं. प्रत्येक चौकोनात ठळक काळ्या अक्षरांत लिहिलं, 'जागा आहे. इथे दाबा.' सगळ्याला मिळून अर्धी दुपार लागली.

पुढच्या खेपेला घरी गेले तेव्हा बाबांनीच विषय काढला. "दाखव बरं, काय केलं तं." मी पान उघडून फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला. खूप वेळ पाहत राहिले.

"आता कसं साजरं दिसते," ते म्हणाले. "हे कोनालेबी समजन."

मी वाकून पाहिलं. फोनचा पडदा केव्हाच विझला होता.

"हो बाबा," मी म्हणाले.