कानशीची सुरी

पडेगावच्या रस्त्याला एक जण गंजक्या हत्यारांच्या सुऱ्या करून देतो. नाव मी विचारलं नाय, त्यानंही माझं विचारलं नाय. हत्यार घ्यायच्या आधी तो आणणाऱ्याचे तळहात बघतो.

मी सुतार. करवतीच्या दातांना धार लावायची माझी जुनी कानस गंजली होती, ती नेली. त्यानं विचारलं, "चाचा, काम चालू है?"

"चालू आहे," मी म्हणालो. खरं तर गुडघे गेल्यापासून रंध्याला हात लावला नव्हता.

त्यानं कानस माझ्या हातात परत ठेवली. "चालत्या हाताचं हत्यार मी मोडत नाय."

घरी बायको बोथट सुरीशी झटत होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो आणि म्हणालो, "काम सोडलं." पोरांपुढंसुद्धा हे कधी तोंडातून निघालं नव्हतं.

त्यानं कानस तापवून राखेत निवायला ठेवली. पुढच्या खेपेला पातं तयार होतं, पाठीवर कानशीचे थोडे दात तसेच राखलेले. मूठ म्हणून तो खोक्याच्या फळीचा तुकडा लावायला लागला, तसं मी पातं ओढून घेतलं. "असली मूठ माझ्या घरात चालायची नाय. मी बसवतो."

बाभळीची मूठ बसवली आणि मुद्दाम त्याला दाखवायला नेली. त्यानं ती दाबून, हलवून पाहिली. मग माझे तळहात पाहिले.

"चाचा, झूट बोले," तो हसला. "काम कुठं सोडलं?"

मी सुरी घेऊन घरी आलो. त्याला द्यायला लाकूड तासायची एक गंजकी पटाशी काढून ठेवली होती. ती तेवढी पुन्हा हत्यारांच्या पेटीत टाकली.