आमच्या व्हरांड्यात हिंदी शिकलेले खासदार

साठच्या दशकातली गोष्ट. एका सकाळी बंगळूरच्या चामराजपेटेत आमच्या घरासमोर जीप थांबली आणि त्यातून नवे खासदार उतरले... आधी नगरसेवक, मग आमदार आणि आता थेट दिल्ली! सगळे त्यांना अण्णाच म्हणायचे.

"रावसाहेब, तुमच्या मुलीनं मला स्वल्प हिंदी शिकवावं," अण्णा माझ्या वडिलांना म्हणाले.

मी ऐन विशीतली, लग्नानंतर वर्षभरातच विधवा होऊन माहेरी परतलेली. हिंदीच्या परीक्षा घरी अभ्यास करून दिल्या होत्या, पण शाळेत नोकरी करायला अप्पांचा ठाम नकार होता. पण दारात आलेल्या खासदारांना नाही कसं म्हणणार?

अण्णांचं शिक्षण बेताचंच. संसदेत कन्नडमधून बोलता आलं असतं, पण मंत्र्यांना गाठून काम सांगायचं तर हिंदी हवीच, असं त्यांना वाटायचं. पन्नाशीचा तो माणूस व्हरांड्यात मांडी घालून बसायचा आणि मला 'टीचर' म्हणायचा. गाडी 'रुकता' की 'रुकती', यावर आमची रोज झटापट...

त्यांना दिल्लीत एक गोष्ट मागायची होती. त्यांच्या मतदारसंघातल्या एका खेड्यातल्या बायका भाजीच्या पाट्या डोक्यावर घेऊन कोसन् कोस चालत बाजारात यायच्या. रेल्वे गावाला लागूनच जायची, पण थांबायची नाही.

अधिवेशन सुरू झालं आणि बातमी आली... अण्णा सभागृहात हिंदीत बोलले आणि लोक हसले. शेजारचे काका फाटकातूनच अप्पांना म्हणाले, "मुलीनं चांगलीच हिंदी शिकवली हो!"

"आता पुरे झालं हे शिकवणं," अप्पा घरात येऊन म्हणाले. मला इतकी लाज वाटली की रडूही येईना.

अण्णा परतले ते स्टेशनवरून थेट आमच्याकडे. गळ्यात हार तसाच, मागे कार्यकर्ते, फाटकाशी अर्धी गल्ली जमलेली.

"टीचर, हसले हो सगळे! तुम्ही इतकं घोकून घेतलंत, तरी मी 'गाडी रुकता नहीं'च म्हणालो." ते स्वतःच खो खो हसत होते. "पण हसायला म्हणून का होईना, माना वर केल्या आणि ऐकलं. मंत्र्यांनी नंतर बोलावून विचारलं, कुठली गाडी? थांबा मिळाला बघा."

मग अप्पांकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "रावसाहेब, चूक माझ्या जिभेची, हिच्या शिकवण्याची नाही. माझ्यासारख्याला हिनं बोलतं केलं. हिला शाळेत शिकवायला जाऊ द्या."

अप्पा शेवटी म्हणाले, "सरी, ठीक आहे... पण पहिल्या दिवशी पोचवायला मी येणार." आणि खरंच आले. शाळा सुटेपर्यंत बाहेर झाडाखाली बसून होते!

पुढची निवडणूक अण्णा हरले. हळूहळू लोक त्यांना विसरलेही. मी मात्र निवृत्त होईपर्यंत शिकवत राहिले, स्वतःच्या पगारावर, ताठ मानेनं.

खासदार म्हणून त्यांनी आणखी काय केलं, ते मला सांगता येणार नाही. पण दिल्लीत स्वतःचं हसं झालेलं असताना माझं काय झालं असेल, याची काळजी त्या माणसाला वाटली... आज इतक्या वर्षांनीही त्यांची आठवण आली की हात आपोआप जोडले जातात.