अप्पांचा डावा तळहात

मूठभर सोयाबीन डाव्या तळहातावर घ्यायचं, अंगठ्यानं जरा सरकवायचं आणि ओल किती आहे ते सांगायचं, हे गुरुपादप्पांनी लातूरच्या मोंढ्यात, धान्यबाजारात, जन्मभर केलं. त्याच तळहातावर रोज सकाळी आंघोळ झाली की गळ्यातल्या चांदीच्या डबीतलं इष्टलिंग काढून ठेवायचं, विभूती लावायची, बेलाचं पान वाहायचं. त्याआधी तोंडात काही घालायचं नाही. घरात लग्न असो की दुकानापुढे मालाच्या गाड्या उभ्या असोत, हे कधी चुकलं नाही.

दिवाळीनंतर त्यांना लकवा मारला आणि नेमका तोच हात गेला.

दवाखान्यात नाकात नळी होती, धड शुद्धही नव्हती. तेव्हा पूजेचा प्रश्न आला नाही. घरी आल्यावर आला. जीभ जड झाली होती, पण डोकं शाबूत होतं. पहिल्याच सकाळी मुलानं, महांतेशनं, आंघोळ घालून त्यांना पलंगावर टेकवून बसवलं आणि लिंग हातावर ठेवलं. बोटं आत वळली, तळहात कलला आणि लिंग घरंगळून गादीवर पडलं. सुनेनं, सुकन्यानं, मुगाच्या खिचडीचा चमचा पुढे केला तेव्हा अप्पांनी ओठ मिटून घेतले.

मग रोज तेच. औषधापुरतं पाणी, फार आग्रह केला तर दुपारी थोडं ताक. उजव्या हातावर घ्या, असं महांतेशनं सुचवलं. अप्पांनी नकाराची मान हलवली. मठातले स्वामी येऊन बसले, आजारी माणसानं मनातल्या मनात केलेली पूजाही पोचते म्हणून समजावून गेले. अप्पांनी सगळं आदरानं ऐकलं आणि स्वामींची पाठ वळल्यावर पुन्हा ओठ मिटले. निलंग्याहून त्यांची धाकटी बहीण कमलम्मा आली. आल्या आल्या तिनं सुनेला धारेवर धरलं.

“माझा भाऊ तुझ्या घरी वाळून राहिला की गं. रांधायचं इसरलीस का काय?”

मग स्वतः वाटी घेऊन तासभर पलंगाशी बसली आणि भरलेली वाटी तशीच परत घेऊन आली.

सोमवारपर्यंत पोटात नीट अन्न गेलं नाही तर पुन्हा नळी घालावी लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. दवाखान्यात अप्पांनी ती नळी उपटली होती, म्हणून त्यांचा चांगला हात पलंगाला बांधून ठेवला होता. तो बांधलेला हात सुकन्याच्या डोळ्यांपुढून जात नव्हता. मुळात स्वभाव काळजीचा. मुलगी पुण्याला होस्टेलवर गेल्यापासून फोन वाजला नसला तरी तिला वाजल्यासारखा वाटे. आता ती भाजी निवडतानाही अप्पा किती घास घेतील याचाच विचार करायची.

रविवारी ती अप्पांची बोटं तेल लावून मोकळी करत होती. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी दाखवल्याप्रमाणे एकेक बोट उघडायचं आणि खालून आपला तळहात लावायचा. तिच्या लक्षात आलं, खाली हात असेपर्यंत अप्पांची बोटं वळत नाहीत.

“अप्पा,” ती म्हणाली, “मी असा खालून हात धरते. लिंगाला माझं बोट लागायचं न्हाई.”

अप्पांनी जड जिभेनं विचारलं, “तुझी पूजा झाली?”

सुकन्याचं स्वतःचं लिंग उदगीरहून, माहेरून तिच्यासोबत आलं होतं. मुलीची शाळा, डबे, दुकानातल्या माणसांचा चहा यांत ते केव्हा कपाटात गेलं, तिलाही आठवत नव्हतं.

“न्हाई अप्पा. लई वर्षं झाली.”

“मग आधी तुझी. मी थांबतो.”

“मोंढ्यातला माणूस हाय,” कमलम्मा दारातून म्हणाली, “उपाशी मरंल, पर सौदा सोडायचा न्हाई.”

सुकन्यानं साड्यांच्या घडीखालून डबी काढली. चांदी काळी पडली होती. आंघोळ करून ती अप्पांच्या पलंगाजवळ पाटावर बसली. आधी काय, नंतर काय, यात ती अडखळली तेव्हा वरून आवाज आला, “विभूती.” तिनं विभूती घेतली. तेवढा वेळ तिला कुठलाच फोन वाजल्यासारखा वाटला नाही.

मग ती अप्पांच्या डाव्या बाजूला बसली आणि त्यांच्या हाताखाली हात दिला. महांतेशनं लिंग ठेवलं. अप्पांना घाई नव्हती. सुकन्याचा खांदा अवघडला, तरी ती हलली नाही. बेलाचं पान वाहून झालं, लिंग डबीत गेलं, आणि तिनं चमचा पुढे केला.

अप्पांनी तोंड उघडलं. दोन चमचे मुकाट्यानं खाल्ले. तिसऱ्याला म्हणाले, “मीठ कमी हाय.”

“बघ, मी काय म्हनत होते?” कमलम्मा म्हणाली आणि पदरानं डोळे पुसत मीठ आणायला उठली.

सोमवारी डॉक्टरांनी नळीचा विषय काढला नाही. आता त्या घरात सकाळी आधी सुनेची पूजा होते, मग सासऱ्याची. एखाद्या दिवशी सुकन्या स्वयंपाकघरात रेंगाळली तर पलंगावरून हाक येते.

“सुकन्या, बस की लवकर. भूक लागली.”