आधी कपाट

बिनगरजेचं काम आमच्या घरमालकांइतका जीव ओतून करणारा माणूस अख्ख्या जव्हारमध्ये दुसरा नाही, आणि मोखाडा धरला तरी सापडेल असं मला वाटत नाही. त्यांचं उभं आयुष्य एसटीच्या वर्कशॉपमध्ये इंजिनं उघडण्यात गेलं. निवृत्त झाल्यावर माणसं देवदेव करतात, यांनी परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये लाकूडकाम मांडलं. लोखंडातून लाकडात आले खरे, पण लोखंडाची सगळी शिस्त बरोबर घेऊन आले. सुताराची टेप त्यांना चालत नसे. खिशात कायम व्हर्नियर कॅलिपर, आणि तो एकदा बाहेर आला की समोर काय आहे याची पर्वा नसे. एकदा जेवताना त्यांनी काकूंच्या नाचणीच्या भाकरीची जाडी दोन्ही कडांना मोजली आणि फरक किती तेही सांगितलं. त्या रात्री काकूंनी नुसता भात केला.

त्यांचा सगळ्यात लाडका ऐवज म्हणजे राउटर. लाकडाच्या कडेला गोलाई द्यायची, खाच पाडायची, नक्षी काढायची, असली कामं करणारं हे हातातलं यंत्र. त्याच्या तोंडात जे पोलादी बिट बसवतात, ते त्यांनी नाशिकच्या प्रत्येक फेरीत एक-दोन करत जमवले होते. प्रत्येक बिट मऊ फडक्यात गुंडाळलेला. या बिटांसाठी त्यांनी माघात एक कपाट करायला घेतलं. गुडघ्याएवढंच, पण त्याला छोटे छोटे खण, आणि प्रत्येक खणात बिट उभे राहतील अशी भोकं. मग घरातलं दुसरं काहीही होईना. काकूंना मांडणी हवी होती, माझ्या खोलीच्या खिडकीची कडी निखळली होती. उत्तर एकच, "आधी कपाट." तेवढ्यात त्यांची मोखाड्याला दिलेली मुलगी बाळंतपणाला माहेरी आली. तिची चौकशी करायची सोडून हे गृहस्थ शेडमध्ये खण घासत बसलेले. मला मनातून त्यांचा रागच येई. ताई मात्र हसून म्हणायची की कपाट धाकटं आहे, त्याचे लाड व्हायचेच.

वैशाखात कपाट पुरं झालं, आणि झालं ते असं की बघत राहावं. एक खण आत ढकलला की आतली हवा कोंडून शेजारचा खण आपोआप बोटभर बाहेर यायचा. "सिलेंडरमध्ये पिस्टन बसतो, तसा बसलाय," असं म्हणत त्यांनी ही करामत सगळ्या आळीला दाखवली. मीटर वाचायला आलेल्या माणसालासुद्धा चहा पाजून सगळे खण ढकलायला लावले. काकूंनी तेव्हाच विचारलं होतं की पावसाळ्यात आपलं स्वयंपाकघराचं दार फुगतं, मग हे नाही का फुगणार? त्यावर ते शांतपणे म्हणाले की ते दार सुताराने केलंय.

श्रावणापर्यंत आमच्याकडे आगकाड्या पेटेनाशा झाल्या, माझ्या चपलांना बुरशी आली, आणि कपाट मिटलं. एकही खण हलेना. त्यांनी ओढून पाहिलं, साबण लावला, मेण लावलं. एका खणाची मूठ हातात आली. पिस्टन बसला होता तो कायमचाच. सगळे बिट आत अडकले, आणि मी कपबशी तोंडासमोर धरून हसू लपवलं.

त्याच आठवड्यात ताईला मुलगी झाली. दवाखान्यातून परतलेले घरमालक चप्पल न काढताच थेट शेडमध्ये गेले. मी पेढा खायला म्हणून मागोमाग गेलो, तर ते कपाटापुढे उभे. मला म्हणाले, "गुरुजी, ती पटाशी द्या. आणि हातोडा." मी दोन्ही दिलं. त्यांनी कपाट भिंतीपासून फिरवलं, मागच्या फळीत पटाशी घातली आणि फळी फोडली. मग खणांच्या पाठी एकेक करून फोडल्या. लाकूड कडाकडा बोलत होतं. मी म्हटलं, अहो, चार दिवस चुलीजवळ ठेवलं तर सुकेल ना. त्यांनी वर न बघता सांगितलं, "बाराव्या दिवशी पाळणा हवा. कडा गोल करायचा बिट आत आहे."

काकू दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी मला हळूच बाजूला घेतलं. मी राहायला येण्याआधीची गोष्ट. ताईच्या पहिल्या खेपेला यांनी महिनाभर आधीच सागाचा पाळणा करून ओटीवर टांगला होता. बाळ आलं आणि त्याच दिवशी गेलं. ताई घरी यायच्या आत यांनी तो पाळणा उतरवला आणि स्वतः करवतीने कापला. "आता आधी काही करायचं नाही म्हणाले," काकू म्हणाल्या. "फक्त हत्यारं हाताशी हवीत. त्याच सागाचं हे कपाट."

माघापासून हा माणूस पाळण्याचीच तयारी करत होता, फक्त पाळण्याला हात लावायची त्याची हिंमत नव्हती.

बारशाला पाळणा तयार होता, नव्या लाकडाचा. बायकांनी गोल कडांवरून हात फिरवून पाहिला. घरमालकांनी कॅलिपर काढला नाही, मोजण्यासारखं सगळं पाळण्यात असूनसुद्धा. ते दोरी धरून उभे राहिले आणि नाव ठेवून झालं तरी त्यांनी ती कुणाच्या हातात दिली नाही.

थंडीत ताई मोखाड्याला परत गेली. जीपच्या टपावर पाळणा त्यांनी स्वतः बांधला, गाठ तीनदा सोडून पुन्हा बांधली. त्यानंतर मी शेडमध्ये डोकावलो तर ते रिकाम्या कपाटापुढे बसले होते. लाकूड सुकलं होतं, खण हात लावताच सरकत होते. पण पाठ फुटलेली, त्यामुळे एक ढकलला तरी शेजारचा जागचा हलत नव्हता. बिट काकूंच्या शेवयांच्या डब्यात पडले होते. मी विचारलं, कपाट दुरुस्त कधी करणार?

त्यांनी एक खण उघडला, बंद केला.

"करू की गुरुजी," ते म्हणाले. "आता कसली घाई आहे?"