ओट्यावरचा उजेड

जवळा बाजार गावी लाइटच्या दुकानात बसणारा तो माणूस प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी विचारतो, "सैपाक कोण करतं?" मग बोलताना दर वाक्यामागं "बराबर?" म्हणतो आणि उत्तरासाठी थांबत नाही.

बायकोला हल्ली कमी दिसायचं, म्हणून स्वयंपाकघरातल्या कपाटांखाली लावायला मी पिवळसर उजेडाची पट्टी निवडली. तो बसवायला घरी आला.

"वहिनी, कांदा चिरा. सावली कुठं पडते ते पाहू द्या. बराबर?"

ती सुरीपुढं बोटांनी चाचपत चिरू लागली. तो बघत राहिला. "बराबर" काही म्हणाला नाही. पिवळी पट्टी पिशवीत टाकून तो दुकानात गेला आणि सगळ्यात लख्ख पांढरी घेऊन आला. ती बसवल्यावर त्यानं बटणाशेजारी रबराचा एक उंच ठिपका चिकटवला.

"हे काहून?" मी विचारलं.

"हाताला सापडावं म्हणून," तो खाली बघत म्हणाला.

तिची नजर जाणार, हे डॉक्टरांनी मला एकट्यालाच सांगितलं होतं. ती पदराला हात पुसत आली, ठिपक्यावरून बोट फिरवलं आणि मला म्हणाली, "किती दिवस दिसंल मला, तेवढं तरी सांगा."

तो वायर गुंडाळत राहिला.